सेकंडहँड थिंकपॅड टी४८०: गोव्यात घ्यावा का, आणि आत नेमकं काय आहे ते कसं ओळखावं

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा. जुन्या लॅपटॉपच्या कुठल्याही दुकानात गेलात तरी काउंटरवर लेनोवो कंपनीचा काळा थिंकपॅड टी४८० समोर येतोच. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी चार-पाच वर्षं वापरून सोडलेला हा माल. किंमत साधारण पंधरा ते बावीस हजारांच्या दरम्यान, आणि चिठ्ठीवर एकच ओळ: ‘आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, बॅटरी ओके’. या ओळीतला प्रत्येक शब्द खरा असूनही तिच्यात चांगला, बरा आणि टाकाऊ असे तिन्ही लॅपटॉप मावतात. म्हणून इथे टी४८० कसा आहे हे सांगताना, त्या ओळीमागचं यंत्र कसं तपासायचं हेही सांगत जावं लागेल. दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

आधी निकाल. टी४८० घ्यावा. २०१८ सालचं मॉडेल असूनही कॉलेज, हिशेब, सरकारी कामाचे फॉर्म, थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं फोटोकाम यांना तो आजही पुरतो. रॅमच्या दोन्ही पट्ट्या बदलता येतात, एसएसडी बदलता येते, वाय-फाय कार्ड बदलता येतं, कीबोर्ड बदलता येतो, आणि बॅटऱ्या दोन असतात: एक आत, एक बाहेरून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलली तरी लॅपटॉप बंद पडत नाही. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात ही सोय किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टी४८० बरोबर त्या उंबरठ्यावर बसतो. त्याच्याच शेजारी दोन-तीन हजारांनी स्वस्त ठेवलेला टी४७० सहाव्या-सातव्या पिढीचा असतो. तो या यादीत नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, त्यामुळे इथेच पहिली फसगत होते.

तपासणी लॅपटॉप चालू करण्याआधी सुरू करा. उलटा करून खालचं लेबल वाचा. ‘टाइप’ या शब्दापुढे २०एल५ किंवा २०एल६ असेल तर तो टी४८०. २०एल७ किंवा २०एल८ असेल तर तो टी४८०एस, म्हणजे अंगाने पातळ भाऊ. त्याची एक रॅम बोर्डालाच झाळलेली असते आणि बाहेरची बॅटरी नसते. टी४८०एस वाईट नाही, पण टी४८०च्या नावावर तो घेऊ नका. लेबलावरचा अनुक्रमांक मोबाइलमध्ये टिपा. मग लॅपटॉप चालू करताना एफ-१ दाबत राहा, म्हणजे बायोसचं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंगचं) पान उघडेल. पहिल्याच पानावर मॉडेल, अनुक्रमांक, प्रोसेसर आणि बसवलेली मेमरी दिसते. तिथला अनुक्रमांक लेबलाशी जुळला पाहिजे. जुळत नसेल किंवा त्या जागी ‘इनव्हॅलिड’ असं दिसत असेल, तर मदरबोर्ड तरी बदललेला आहे किंवा खालचं झाकण दुसऱ्या लॅपटॉपचं आहे. बोर्ड बदलणं हा गुन्हा नाही, पण मग किंमत तीच राहता कामा नये.

हा अनुक्रमांक लेनोवोच्या सपोर्ट संकेतस्थळावर टाकला की कारखान्यातून निघताना त्यात कोणता प्रोसेसर, कोणता पडदा, कोणती डिस्क होती त्याची यादी मिळते. जुन्या यंत्राची जन्मकुंडलीच म्हणा. यादीत फुल एचडी पडदा आणि समोर १३६६ गुणिले ७६८चा पडदा असेल, तर मधल्या काळात पडदा फुटून स्वस्तातला बसवला गेला आहे, हे कोणालाही न विचारता कळतं.

बायोसमध्ये असतानाच आणखी दोन ठिकाणी जायला विसरू नका. ‘सिक्युरिटी’ भागात सुपरवायझर पासवर्ड चालू असेल तर बहुतेक पर्याय फिकट दिसतात आणि बदलता येत नाहीत. थिंकपॅडचा हा पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी किंवा छोटा सेल काढून तो जात नाही. ‘नंतर काढून देतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. त्याच भागात ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची चोरीविरोधी सोय असते. ती ‘डिसेबल्ड’ असावी, ‘पर्मनंटली डिसेबल्ड’ असेल तर उत्तम. चालू असेल तर आधीच्या कंपनीच्या हातात यंत्राची दोरी अजून आहे, असं समजा.

याच जातीची आणखी एक अडचण बायोसमध्ये दिसत नाही. कंपनीने लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या, कंपनीच्या लॅपटॉपवर दुरून ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेत नोंदवलेला असतो आणि सोडताना नोंद काढायची राहून जाते. विक्रेता इंटरनेटशिवाय विंडोज टाकून देतो, सगळं सुरळीत चालतं, आणि सहा महिन्यांनी तुम्ही रिसेट केलं की पडद्यावर अनोळखी कंपनीचं नाव आणि लॉगिन मागणी येते. यावर उपाय एकच: दुकानातच रिसेट करायला लावा, सुरुवातीच्या पडद्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि कंपनीचं नाव येतं का ते बघा. यात पाऊण तास जातो. जाऊ द्या.

आता चिठ्ठीवरचा ‘आय-फाइव्ह’. एकटा हा शब्द काहीच सांगत नाही, पुढचा चार आकडी क्रमांक हवा. आय-५ ८२५०यू आणि ८३५०यू हे टी४८०मधले नेहमीचे प्रोसेसर. दोन्हींत ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), ८ थ्रेड आणि ६ एमबी कॅश. पहिल्याचा कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.६. रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही, त्यासाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका. सातव्या पिढीच्या प्रोसेसरचाही थोडा माल टी४८० याच नावाने निघाला होता. त्यात २ कोअर असतात आणि विंडोज ११चं दारही बंद. ‘आय-सेव्हन आहे साहेब’ असं ऐकलं तर क्रमांक विचारा. सहाव्या पिढीचा २ कोअरचा आय-७ ६६००यू हा ४ कोअरच्या आय-५ ८२५०यूपुढे मागे पडतो. आय-७ ८६५०यू कागदावर ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण तोही त्याच १५ वॉटच्या मर्यादेत आणि त्याच अंगातून उष्णता बाहेर टाकतो, म्हणून लांबच्या कामात त्याची आघाडी झपाट्याने कमी होते. तीन हजार जास्त देण्यापेक्षा तेच पैसे रॅममध्ये घाला.

क्रमांक कुठे वाचायचा हे महत्त्वाचं. विंडोजच्या ‘सिस्टीम’ पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतून येतं आणि रजिस्ट्रीत कोणीही काहीही लिहू शकतो. चालू होताना ते मूळ नाव परत येतं खरं, पण सुरू होताच पुन्हा बदलणारी छोटी फाइल ठेवता येते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम थेट चिपला विचारतो, म्हणून विश्वास त्याच्यावर ठेवा. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी झिप फाइल मिळते. तीच गोष्ट एचडब्ल्यू-इन्फो आणि डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची. तिन्ही एका पेन ड्राइव्हवर घेऊन गेलात की दुकानातल्या इंटरनेटवर अवलंबून राहावं लागत नाही. या तिघांत काही कारणाने एकच निवडायचा झाला तर एचडब्ल्यू-इन्फो निवडा. दिसायला किचकट आहे, पण प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, बॅटरीची झीज, तापमान सगळं एका ठिकाणी देतो.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली असेल तर फारच बरं. एफ-१२ दाबून त्यावरून सुरू करा. आतल्या डिस्कला हात न लावता यंत्र चालू होतं, आणि विंडोजमध्ये कोणी काय रंगरंगोटी केली आहे त्याचा संबंधच उरत नाही. मेनूतलं ‘सिस्टीम रिपोर्ट्स’ उघडून ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ बघा, पूर्ण हार्डवेअरची यादी एका पानावर येते. विंडोज नसलेला रिकामा लॅपटॉप तपासायचा तर दुसरा चांगला मार्ग नाही.

रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ निवडा. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. ८ जीबी एका पट्टीत आहे की ४-४च्या दोन, हे इथे कळतं. एका पट्टीत असेल तर तुमच्या फायद्याचं: रिकाम्या खाचेत आणखी ८ जीबी टाकली की १६ होते आणि दोन्ही पट्ट्या मिळून काम करू लागल्याने पडद्यावरच्या चित्राचा वेगही वाढतो. ४-४ असतील तर ८-८ करताना दोन्ही टाकून द्याव्या लागतात. टी४८०ला डीडीआर४ची २४०० वेगाची सोडिम (लॅपटॉपची आखूड) पट्टी लागते. २६६६ किंवा ३२०० लिहिलेली चालते, पण धावते २४००नेच. अधिकृत मर्यादा ३२ जीबी. पट्ट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असणं हा दोष नाही, मात्र अशा वेळी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक फेरी लावा. खराब रॅमचा लॅपटॉप दुकानात अर्धा तास छान चालतो आणि घरी आठवड्यातून एकदा निळा पडदा दाखवतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’ हा शब्द चिठ्ठीवर असेल तर सावध व्हा. बहुतेक टी४८०मध्ये इंटेलचं यूएचडी ६२० असतं आणि त्याची स्वतंत्र मेमरी नसते. विंडोज रॅमचा निम्मा भाग ‘शेअर्ड’ म्हणून दाखवतं, म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४चा आकडा येतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू १’ अशी दुसरी ओळ आणि एनव्हिडिया एमएक्स१५०, २ जीबी असं दिसलं पाहिजे.

डिस्कच्या बाबतीत क्रिस्टलडिस्कइन्फो सगळं सांगतो. ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. ऑफिसात दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, पाच वर्षं म्हटली तर १०,००० तास होतात. तेवढा आकडा दिसला तर डिस्क मूळची आहे आणि वापर सरळ आहे, घाबरण्याचं कारण नाही. ‘हेल्थ’ची टक्केवारी ८५च्या वर असेल तर पुढची काही वर्षं निघतील. तास फक्त २-३ असतील तर डिस्क नवी बसवली आहे. मग कंपनीचं नाव बघा. निनावी एसएसडीवर २५६ लिहून आत त्याहून कमी असण्याचे प्रकार होतात, आणि ते फक्त पूर्ण डिस्क लिहून परत वाचल्यावरच कळतात. एच२-टेस्ट-डब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम तेच करतो. घरी नेल्यावर पहिल्या रात्री लावून ठेवा. फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी शून्य असल्या पाहिजेत.

इथे टी४८०ची एक मर्यादा समजून घ्या, नाहीतर विनाकारण भांडण होईल. त्याच्या डिस्कच्या कप्प्यात एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी बसते ती एका अ‍ॅडॉप्टरवर, आणि तिला दोनच पीसीआय मार्गिका, म्हणजे डेटा वाहणारे रस्ते मिळतात. क्रिस्टलडिस्कइन्फोत ‘३.० एक्स२’ आणि शेजारी ‘३.० एक्स४’ दिसतं ते यामुळेच: डिस्क चार मार्गिकांची, रस्ता दोनचा. एसएसडी कितीही भारी घेतली तरी वेग अर्ध्यावर अडकणार. म्हणून मधल्या किमतीची, चांगल्या नावाची घ्या. अ‍ॅडॉप्टर आणि ब्रॅकेट गायब असणं मात्र नेहमीचं आहे. कप्प्यात अडीच इंची साटा (जुन्या, संथ प्रकारची) एसएसडी असेल आणि पुढे एनव्हीएमई टाकायची इच्छा असेल तर हे भाग वेगळे घ्यावे लागतील.

बॅटरीवर ‘ओके’ लिहिणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरर्थक. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. अहवालाची फाइल तयार होते, तिची जागा तिथेच दिसते. त्यात दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या येतात. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. आतली बॅटरी २४ वॉट-तासांची, म्हणजे अहवालात २४,०००च्या आसपास. बाहेरची तीन प्रकारची येते: २४, ४८ आणि ७२. शेवटच्या दोन खालून फुगवटा काढून बसतात, सपाट असेल ती २४ची. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागा. आकडा शंभर टक्के आणि ‘सायकल काउंट’ शून्य किंवा रिकामा असेल, तर ती बहुधा दुसऱ्या कुणी बनवलेली नवी बॅटरी आहे. ती चालतेही, पण अहवालावर विसंबून न राहता चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ लावा आणि किती टक्के उतरते ते मोजा. एकदम ४० वरून ५ वर कोसळली तर नको.

आता टी४८०चा ठाऊक असलेला दोष. डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, त्यांतला एक थंडरबोल्टचा, म्हणजे जास्त वेगाचा. सुरुवातीच्या मालात थंडरबोल्टच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच असलेल्या प्रोग्रॅममध्ये) चूक होती आणि काही काळाने पोर्ट काम करेनासे व्हायचे. लेनोवोने नंतर दुरुस्त फर्मवेअर दिलं, पण ऑफिसातल्या किती यंत्रांवर ते कोणी टाकलं हे सांगता येत नाही. त्यामुळे दोन्ही पोर्टांत चार्जर लावून बघा, पेन ड्राइव्ह किंवा मोबाइल जोडून बघा, एचडीएमआयवर दुकानातला मॉनिटर लावून बघा. या लॅपटॉपला गोल किंवा चौकोनी चार्जर नाहीच, चार्जिंग फक्त टाइप-सीवर. प्लग हलवल्यावर चार्जिंग तुटत असेल तर पोर्ट बोर्डावरून सैल झाला आहे, आणि ती दुरुस्ती झाळकामाची आहे. पोर्ट ठीक निघाले तर घरी नेऊन पहिल्या दिवशी लेनोवो व्हँटेज या कंपनीच्या अ‍ॅपमधून बायोस आणि थंडरबोल्ट दोन्ही अद्ययावत करा, चार्जर लावलेला असताना आणि वीज जाण्याची शक्यता नसताना. चार्जर ६५ वॉटचा मागा. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो म्हणून दाखवणाऱ्याला सांगा की आम्हाला काम करत चार्ज करायचं आहे.

पडद्याला एक मिनिट पुरे. ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये १९२० गुणिले १०८० दिसलं पाहिजे. झाकण मागेपुढे कलवा: रंग उलटेपालटे झाले तर तो स्वस्त टीएन पडदा आहे, डोळ्यांना त्रास देणारा. फुल एचडीचा आयपीएस, म्हणजे कुठूनही रंग सारखे दिसणारा पडदाही फार उजळ नाही, २५० निट्सचा (निट हे उजेडाचं माप). दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून काम करायचं मनात असेल तर हा लॅपटॉप निराश करेल.

गोव्यातल्या खरेदीदाराने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो मात्र कुठल्याही प्रोग्रॅमला न दिसणाऱ्या गोष्टीवर. समुद्राजवळची खारी, दमट हवा बोर्डावरच्या तांब्याला आणि टाक्यांना खाते. जो लॅपटॉप कोरड्या शहरात वाढून गेल्या महिन्यात इथे आला, तो पाच वर्षं कलंगुट किंवा कोलव्याला राहिलेल्या लॅपटॉपपेक्षा वेगळा असतो, आकडे अगदी सारखे असले तरी. मोबाइलचा दिवा लावून नेटवर्कच्या पोर्टातले सोनेरी संपर्क बघा. हिरवट झाले असतील तर आतही तसंच असण्याची शक्यता मोठी. यूएसबीच्या पत्र्यावर तांबूस डाग, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, हीही तीच खूण. वास्कोच्या बंदराजवळ काळी पूड, आणि डिचोली, साखळी, कुडचडे या खाणपट्ट्यात लाल धूळ पंख्याच्या जाळीत साचते.

झाकण उघडायची परवानगी मागा. टी४८०च्या खालच्या झाकणाचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. आधी बाहेरची बॅटरी काढा, आणि तिच्याही आधी बायोसमधून ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडून आतली बंद करा. मग प्लॅस्टिकच्या कार्डाने कडेने सोडवा. रॅमच्या खाचा, एसएसडीचं टोक आणि कीबोर्डखालचा भाग बघा. पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली, किंवा चिकट तपकिरी ओघळ दिसला, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. कीबोर्डवर सांडलेलं पाणी खाली वाहून जायला थिंकपॅडला भोकं असतात, पण चहातली साखर मागे राहते.

उष्णतेची परीक्षा शेवटी. एचडब्ल्यू-इन्फोमध्ये फक्त सेन्सर उघडा आणि सीपीयू-झेडमधला ‘स्ट्रेस’ दहा मिनिटं चालवा. पंखा घरघर न करता फिरला पाहिजे आणि वेग मूळच्या १.६ गिगाहर्ट्झच्या (८३५०यू असेल तर १.७च्या) खाली घसरता कामा नये. तापमान ९५च्या वर जाऊन ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (तापल्यामुळे वेग कमी होण्याच्या) ओळीत ‘येस’ येत राहिलं तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली आहे किंवा जाळी तुंबली आहे. हा दोष सौदा मोडण्याइतका मोठा नाही: पंखा साफ करून नवी पेस्ट लावली की बहुतेकदा सुटतो. दुकानदाराकडूनच करून घ्या आणि परत दहा मिनिटं चालवा.

सगळं जुळलं तर पावती करताना चिठ्ठीवरची ती एक ओळ चालवून घेऊ नका. पावतीवर लॅपटॉपचा अनुक्रमांक, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम किती पट्ट्यांत, एसएसडीची कंपनी आणि अनुक्रमांक, दोन्ही बॅटऱ्यांचे त्या दिवशीचे आकडे लिहून घ्या. टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची मिळत असेल तर पंधराची मागा, आणि बॅटरी व चार्जर तिच्यात धरले आहेत की नाहीत ते वेगळं लिहायला लावा. एवढं लिहून द्यायला जो दुकानदार तयार होतो, त्याच्याकडचा लॅपटॉप हजार रुपयांनी महाग असला तरी तिथूनच घ्या.